पंखा काय झाकतो? पार्श्वध्वनींबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना हा अनुभव नक्की आठवेल. उन्हाळ्याची रात्र, घरातले सगळे गाढ झोपलेले, आणि वीज जाते. पंख्याची पाती मंदावत थांबतात, अंगाला घाम फुटायला अवकाश असतो, तरी कुणीतरी टक्क जागं होतं आणि अंधारात पुटपुटतं, “गेली वाटतं!” उकाड्याची पाळी अजून यायची असते. त्याआधीच थांबलेल्या घरघरीनं झोप मोडलेली असते.

आता ती घरघर मोबाइलवर मिळते. पावसाचा एक थर, त्यावर समुद्राची गाज, वर रातकिडे, हवी तर आगगाडीची धडधड. प्रत्येक आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. कुणी झोपेसाठी, कुणी अभ्यासासाठी, कुणी नुसतं डोकं शांत व्हावं म्हणून ही मिसळ लावतं. तिचा उपयोग होतो, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणानं होत नाही.

गैरसमज 1: झोपेत कान बंद असतात, आणि झोपेला निव्वळ शांतता लागते.

वस्तुस्थिती: झोपेतही मेंदू ऐकत असतो आणि आवाजातला बदल टिपत असतो. समजा, खोलीत 30 डेसिबलची शांतता आहे आणि बाहेर 60 डेसिबलचा हॉर्न वाजला. ही 30 डेसिबलची उडी झाली. तोच हॉर्न 42 डेसिबलच्या पावसावर वाजला तर उडी 18 वर येते आणि झोप टिकण्याची शक्यता वाढते. एका आवाजानं दुसरा झाकण्याच्या या प्रकाराला ध्वनिशास्त्रात मास्किंग म्हणतात. पार्श्वध्वनींची मुख्य करामत एवढीच: ते झोप आणत नाहीत, झोपमोड्याला झाकतात.

म्हणूनच झाकण्यासारखं काही नसेल तर हा पडदा निरुपयोगी ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी सुचवलेली पातळी 30 डेसिबलची आहे. भारतात 2000 सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. हमरस्त्याला लागून राहणाऱ्यांनी ती पाळली जाताना किती वेळा अनुभवली, ते त्यांनाच ठाऊक. अशा घरात पावसाचा थर कामाचा. मुळातच शांत असलेल्या गावाकडच्या ओसरीवर तो म्हणजे विकतचा गोंगाट.

गैरसमज 2: जितके थर जास्त, तितका परिणाम गाढ.

वस्तुस्थिती: डेसिबलचं गणित शाळेतल्या बेरजेसारखं चालत नाही. 40 डेसिबलचे दोन वेगवेगळे आवाज एकत्र केले तर 80 होत नाहीत, 43 होतात. चार केले तर 46. म्हणजे प्रत्येक थरागणिक आवाज चढतो, पण झाकण्याची ताकद त्या मानानं वाढेलच असं नाही. एखादा आवाज झाकायचा तर त्याच्याच वारंवारतेच्या आसपासचा आवाज लागतो. पाऊस, ओढा आणि पंखा हे तिन्ही बरेचसे एकाच पट्ट्यात पसरलेले असतात. एक असला की दुसरा नव्यानं फारसं काही झाकत नाही.

रात्रीच्या ट्रकची घरघर किंवा जनरेटरची धडधड खर्जातली असते, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण 200-300 हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ उतरतच नाही. उशाशी फोन ठेवून कितीही थर चढवले तरी ट्रक त्यांच्या खालून निघून येतो. तिथे एखादा बरा मोठा स्पीकर, नाहीतर खराखुरा पंखा, अधिक उपयोगी.

थर निवडताना आणखी एक बघावं. पाऊस, पंखा, गाज हे ‘वाहते’ आवाज. गडगडाट, कोकीळ, आगगाडीची शिट्टी हे ‘घडणारे’ आवाज. ते लक्ष वेधतात. झोपेच्या मिसळीत ते घालणं म्हणजे पहारेकऱ्यालाच दार वाजवायला सांगणं. तुकडा छोटा असेल आणि पुन्हा पुन्हा फिरत असेल तर मेंदू तोही पकडतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात लोकांनी अर्थहीन खरखरीचा अर्ध्या सेकंदाचा तुकडासुद्धा काही वेळा ऐकून ओळखायला सुरुवात केली होती.

गैरसमज 3: ब्राउन नॉइज, पिंक नॉइज, व्हाइट नॉइज ही वेगवेगळ्या दुखण्यांवरची वेगवेगळी औषधं आहेत.

वस्तुस्थिती: हे फक्त ऊर्जेच्या वाटणीचे प्रकार आहेत. व्हाइटमध्ये ती सगळ्या वारंवारतांवर सारखी असते. जुन्या टीव्हीवर चॅनेल गेलं की ‘मुंग्या’ दिसायच्या, ती खरखर साधारण तशी. एकेक सप्तक वर चढताना पिंकमध्ये ऊर्जा 3 डेसिबलनं उतरते, ब्राउनमध्ये 6 डेसिबलनं. म्हणून पिंक संततधारेसारखा वाटतो आणि ब्राउन दुरून ऐकलेल्या धबधब्यासारखा घोगरा. गंमत म्हणजे ब्राउनचा तपकिरी रंगाशी काही संबंध नाही. 1827 मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अखंड चुळबुळ टिपणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचं ते नाव.

‘पिंक नॉइजनं स्मरणशक्ती वाढते’ हा दावा ज्या संशोधनावरून आला, त्यातलं एक 2017 मधलं अमेरिकेतलं. त्यात 13 वयस्क माणसं होती. त्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजत, गाढ झोपेच्या लाटेशी वेळ साधून पिंक नॉइजचे क्षणभराचे ठोके ऐकवले गेले. रात्रभर चालणाऱ्या रेकॉर्डिंगचा त्याच्याशी संबंध जोडणं म्हणजे ठेका धरून टाळी वाजवणं आणि अखंड टाळ्यांचा कडकडाट यांत फरक न करणं.

गैरसमज 4: मागे काहीतरी चालू असलं की सगळ्यांचाच अभ्यास चांगला होतो.

वस्तुस्थिती: मागे काय चालू आहे आणि ऐकणारा कोण आहे, यावर ते ठरतं. शब्द असलेला आवाज पाठांतराच्या आड येतो. 1976 मधल्या कोल आणि वेल्श यांच्या प्रयोगात तर न समजणाऱ्या भाषेतलं बोलणंसुद्धा क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात अडथळा ठरलं. तेव्हा “मला कुठे कोरियन येतं, गाणं चालू राहू दे की आई!” ही सबब टिकत नाही.

नुसत्या खरखरीचाही परिणाम माणसागणिक बदलतो. 2024 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र पडताळून पाहिले गेले. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांना व तरुणांना व्हाइट आणि पिंक नॉइजचा थोडा फायदा दिसला. ही अडचण नसलेल्यांची कामगिरी किंचित घसरली. आणि सर्वांत लाडक्या ब्राउन नॉइजवर या पडताळणीच्या निकषात बसणारा एकही अभ्यास सापडला नाही.

गैरसमज 5: बायनॉरल बीट्स मेंदूला हव्या त्या लहरीवर नेऊन ठेवतात.

वस्तुस्थिती: एका कानात 200 हर्ट्झ, दुसऱ्यात 210 हर्ट्झ असा सूर दिला, की सेकंदाला 10 वेळा डोलणारा एक भास ऐकू येतो. 19व्या शतकात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख डोव्ह यांनी तो नोंदवला. तानपुरा जुळवणाऱ्याला असा डोल ओळखीचा असतो; जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की तो ऐकू येतो आणि तारा मिळाल्या की मिटतो. फरक इतकाच, की तिथे तो हवेत घडतो आणि इथे मेंदूत. त्यामुळे हेडफोनशिवाय बायनॉरल बीट्स होतच नाहीत. मेंदूच्या लहरी त्यामागे धावतात का, हे तपासणाऱ्या 14 अभ्यासांचा आढावा 2023 मध्ये आला: 5 बाजूनं, 8 विरुद्ध, 1 संमिश्र.

गैरसमज 6: बाळाला पोटात मोठा आवाज ऐकायची सवय असते, म्हणून मशीन मोठ्यानं लावलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: या बाबतीत हयगय नको. 2014 मध्ये बाळांना झोपवण्याची 14 यंत्रं तपासली गेली. पूर्ण आवाजावर ती सगळीच 50 डेसिबलच्या वर गेली, आणि 30 सेंटिमीटरवर ठेवल्यावर त्यांतली 3 तर 85 च्याही वर. कामगारांसाठी 8 तासांची मर्यादा म्हणून मानला जाणारा आकडा हाच. यंत्र पाळण्यापासून शक्य तितकं लांब, आवाज कमी, बाळ झोपलं की बंद. अंगाई गाणारी आजीसुद्धा बाळाचा डोळा लागला की हळूच थांबते.

गैरसमज 7: हा निद्रानाशावरचा उपचार आहे.

वस्तुस्थिती: 2021 मध्ये 38 अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनी पुराव्याचा दर्जा फारच कमी असल्याचं म्हटलं. काहींना झोप लवकर लागली, काहींची बिघडली. महिनोन्‌महिने झोप येत नसेल, तर विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत हा पहिला मार्ग मानला जातो. घोरणं जोराचं असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर आधी डॉक्टर.

मग थर लावायचे की नाही? त्यासाठी एक रात्र काढावी. झोपायच्या वेळी पंखा, एसी, मोबाइल, सगळं बंद करून पाच मिनिटं नुसतं पडून राहावं. वरच्या मजल्यावरचा नळ, गुरख्याची शिट्टी, कुत्री, शेजारच्या खोलीतलं घोरणं, लांबचा हायवे. यांतलं जे टोचतं ते मनात नोंदवावं. खर्जातलं असेल तर घोगरा थर, टोकदार असेल तर पावसाचा. टोचणारं जेमतेम बुजेल इतकाच. आणि पाच मिनिटांत काहीच टोचलं नाही, तर पंखा तेवढा लावावा, तोही उकडत असेल तरच.