पंख्याच्या डबींतील वीज

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या माजघरांतील पंखा एकाएकीं मंदावला. काठीनें ढकलल्यावांचून तो फिरेना. वायरमननें येऊन वरची एक लहानशी डबी सोडवून खालीं ठेविली. धाकटा पुतण्या ती उचलावयास धांवला, तोंच वायरमननें त्याचा हात धरिला. "बाळ, थांब! आंत अजून वीज असेल." सर्वांना नवल वाटलें. बटन बंद, तारा सुटलेल्या. मग वीज राहिली कोठें?

ह्या डबीस शास्त्रांत धारित्र म्हणतात. तिचा पूर्वज म्हणजे काचेची एक बरणी. १७४५ सालीं पोमेरेनियांत फॉन क्लाइस्ट यांस, व १७४६ च्या सुमारास हॉलंडांतील लायडेन येथें प्राध्यापक मुशेनब्रुक यांस, बाटलींत वीज सांठवितां येते असें आढळलें. मुशेनब्रुक यांना बसलेला धक्का इतका जबर होता कीं, फ्रान्सचें राज्य मिळालें तरी तो पुन्हा सोसणार नाहीं, असें त्यांनीं एका मित्रास कळविलें.

पुढें १८३७ मध्यें मायकेल फॅरडे यांनीं ह्या कोड्याचें मर्म उकललें. लहानपणीं बुकबाइंडराकडे उमेदवारी केलेल्या ह्या पुरुषानें गोळ्यांत गोळा बसविलेलीं दोन सारखीं उपकरणें घेतलीं. एकांत हवाच ठेविली. दुसऱ्यांतील कांहीं पोकळी लाखेनें भरली. एकावरील भार दुसऱ्याशीं वांटून घेऊं दिला, तेव्हां अर्धी वांटणी होण्याऐवजीं लाखेच्या उपकरणानें अधिक वांटा घेतला. म्हणजे दोन धातूंमधील पदार्थ केवळ पहारेकरी नसून सांठवणींत स्वतः भाग घेतो. अशा पदार्थांस विद्युत्-अपारक म्हणतात.

हें घडतें कसें? पंगतीचा दाखला घ्या. सर्व मंडळी पाटावरून न उठतां किंचित् उजवीकडे सरकली, तर मध्यें कांहींच फरक दिसणार नाहीं. पण एका टोकास थोडी दाटी व दुसऱ्या टोकास थोडी जागा होईल. अपारकांतील इलेक्ट्रॉनही आपआपल्या अणूस न सोडतां धन पत्र्याकडे किंचित् झुकतात. त्यामुळें धन पत्र्यासमोर ऋण भार व ऋण पत्र्यासमोर धन भार उभा राहतो, मधील विद्युत्-क्षेत्र दुबळें होतें, आणि तेवढ्याच व्होल्टांत पत्र्यांवर अधिक भार मावतो. निर्वातापेक्षां किती पट अधिक, तें पदार्थावर अवलंबून: पॅराफिन मेण सुमारें २, अभ्रक ५ ते ७. पाण्याचे रेणु मुळांतच एका अंगास धन व दुसऱ्या अंगास ऋण असल्यानें ते वळून रांगेस लागतात. म्हणून पाण्याचा आंकडा ८० च्या घरांत जातो.

परंतु ह्या शिस्तीलाही मर्यादा आहे. ताण फार वाढला कीं इलेक्ट्रॉन पाट सोडून पळतात, ठिणगी पडते व अपारकास भोंक पडतें. हवा दर सेंटिमीटरास सुमारें ३०,००० व्होल्ट सोसते. अभ्रक त्याहून कितीतरी अधिक.

आमच्या डबींत धातूचा मुलामा दिलेली पॉलिप्रॉपिलीनची पातळ फीत गुंडाळलेली होती. फितींत भोंक पडलें तर भोंवतालचा मुलामा उडून जातो व दोष आपोआप मिटतो. मात्र प्रत्येक वेळीं धारणशक्ति थोडी घटते. म्हणूनच वर्षांमागून वर्षें पंखा मंदावत जातो.

पंख्याच्या डबीचा धक्का बहुधा दचकविण्यापुरताच. पण मायक्रोवेव्ह भट्टींतील धारित्रांत हजारों व्होल्टांचा भार असतो, व तो प्राण घेऊं शकतो. शिवाय मोठें धारित्र एकदां रिकामें केलें, तरी अपारकांतील कांहीं रेणु सावकाश मूळ जागीं परततात आणि टोकांवर पुन्हा थोडा भार दिसूं लागतो. तेव्हां बटन बंद झालें म्हणजे वीज गेली, असें समजूं नये. असलीं उपकरणें जाणत्या माणसानेंच उघडावीं, आणि मुलांना नुसतें "हात लावूं नको" म्हणण्याऐवजीं त्याचें कारणही सांगावें. आमच्या पुतण्यानें तें पंगतीच्या दाखल्यासह ध्यानांत ठेविलें आहे.