वाढ्याची मोळी आणि गव्हाणीतला हिशेब

उसाची तोड सुरू झाली की अहिल्यानगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात वैरणीची चिंता काही महिन्यांपुरती मिटते. तोडणी कामगार वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधून विकतात. चार पैसे त्यांच्या हाती पडतात आणि गोठ्यात हिरवे येते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभारला, तेव्हापासून ऊस आणि दूध इथे एकाच दावणीला बांधले गेले.

पण नुसत्या वाढ्यावर दुभती गाय निभत नाही. वाढ्यात प्रथिने जेमतेम, आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरते. म्हणून जाणते शेतकरी वाढ्याची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात, खनिज मिश्रण देतात, जोडीला पेंढीभर लसूणघास टाकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय दिली, ‘फुले जयवंत’ गवतही दिले. गाय सगळ्यांच्या लक्षात राहिली. गवताकडे तेवढे लक्ष गेले नाही, याचे मला वाईट वाटते.

गाय रवंथ करते तेव्हा कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यात सुटणाऱ्या हायड्रोजनपासून मिथेन बनतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. चारा जितका जून आणि चिवट, तितका दुधाच्या लिटरमागे मिथेन जास्त. म्हणजे शेतकऱ्याचे पैसे आणि आभाळाचे आरोग्य एकाच भोकातून गळते. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे, युरोपात मिथेन रोखणारी पूरके आली आहेत. ती यावीतच. पण आधी गव्हाण सुधारावी, असे माझे ठाम मत आहे. खुराकाचा मारा करणे म्हणजे सुधारणा नव्हे. त्याने पोटात आम्लता वाढते आणि गाय आजारी पडते.

खरा बदल मुरघासाने केला. कणसातला दाणा चिकात असताना मका कापायचा, बोटाच्या पेराएवढी कुट्टी करायची, पिशवीत तुडवून तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचे. दीड महिन्याने उघडली की पिवळसर हिरवी कुट्टी, आंबूसगोड वास. गाय गव्हाणीत तोंड घालते ते तळ चाटूनच वर काढते. २०१९च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांत जनावरे बांधावी लागली, तेव्हा ज्यांच्याकडे अशा पिशव्या होत्या त्यांची दावण घरीच राहिली.

मात्र मक्यालाही पाणी लागते, आणि पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या माळावर ते आणायचे कुठून? तिथे ज्वारीचा कडबाच खरा आधार. १०० किलो वाळल्या वैरणीला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग २१ दिवस झाकून ठेवायचा, ही जुनीच पद्धत आहे. तीन आठवड्यांनी ढीग उघडून वास उडू द्यायचा, मगच थोडाथोडा कडबा जनावरापुढे टाकायचा.