काळ्या वावराचे फोटो

वाळूच्या टेकड्यांचे कृष्णधवल फोटो काढावेत, ही हौस मला एडवर्ड वेस्टनमुळे लागली. या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ साली कॅलिफोर्नियात ओशिआनोच्या वाळूचे फोटो काढले. त्यांत ना माणूस, ना झाड. नुसती उजेडाची आणि सावलीची वळणं. पुस्तकात ते पाहिले तेव्हा मी बँकेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो आणि नेमणूक होती दर्यापूरला. तिथे वाळूच्या टेकड्या कुठून आणायच्या?

काळी माती मात्र हवी तेवढी होती. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक. रान सपाट, जमिनीखालचं पाणी खारट. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो.

१९८७च्या उन्हाळ्यात कर्जाच्या तपासणीला निघताना मी पिशवीत याशिका टाकू लागलो. फिल्म उटीची, ‘इंदू’. (तो कारखाना आता बंद पडला.) पहिला रोल फुकट गेला. माती राखाडी, धुवून काढल्यासारखी! लाइट मीटरला काळं-गोरं कळत नाही. समोर काहीही असो, तो ते मध्यम राखाडीच धरतो आणि काळ्या रानाला जास्तीचा उजेड देतो. मग मी त्याच्या सांगण्यापेक्षा दीड स्टॉप कमी देऊ लागलो. वेळही बदलली. सकाळी ऊन जमिनीला घासून येतं तेव्हा भेगेची एक कड उजळते, दुसरी अंधारात बुडते. आकाश, धुरा, पऱ्हाटी काहीच चौकटीत घ्यायचं नाही. मग ढेकळाचा डोंगर होतो आणि भेगेची दरी.

त्या हिवाळ्यात अकोल्याला हौशी मंडळींच्या प्रदर्शनात त्यातला एक फोटो लागला. नाव दिलं होतं ‘तहान’. ज्यांच्या वावरात तो काढला ते गृहस्थ कामानिमित्त अकोल्यात होते. त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. बराच वेळ पाहून म्हणाले, “सायेब, हे तं माह्यंच वावर.”

“भाऊ, कसं ओळखलं?”

“इथं वखर नाही फिरला ना. आन् तहान कायची? पयलं पानी ह्या भेगांतूनच खाली जाते. त्याच्यावरच तं हरबरा येते.”

मी खजील झालो. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर तिथे रब्बीचा हरभरा निघतो, हे माझ्या कर्जाच्या कागदांतच लिहिलेलं होतं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, “माह्या विहिरीचा फोटो नाही काढला का?”

ती विहीर मीच दोन वर्षांपूर्वी मंजूर केली होती. मार्चअखेर होती, विहिरींचं उद्दिष्ट गाठायचं होतं. मी अमरावती शहरातला. खारपाण ऐकून माहीत. पाणी लागलं की विहीर यशस्वी, एवढं मला कळत होतं. पाणी लागलं, पण खारं. ज्या तुकड्याला ते दिलं तिथली माती चिकट होऊन बसली, पाणी मुरेना. हप्ते सुरूच.

पुढच्या आठवड्यात गेलो. काठावरून वाकून विहिरीचा फोटो काढला. भरदुपारचं ऊन, फोटो सपाट आला. तो कर्जाच्या फाइलला जोडला, हप्ते लांबवण्याच्या शिफारशीसोबत. हप्ते लांबले. मुद्दल तसंच राहिलं.