विमानाचे घर

मुलांनो, घोड्यासाठी तबेला असतो. गाईसाठी गोठा असतो. मग विमान रात्री कुठे राहते? विमानाच्या घराला 'हँगर' म्हणतात. आज आपण एक छोटा हँगर तयार करू या. हा छंद स्वस्त आहे. जाड कागद, झाडूचे हीर, डिंक, पट्टी आणि कात्री एवढ्यावर काम भागते. मात्र एक गोष्ट भरपूर लागते. ती म्हणजे धीर.

आधी हँगर कशासाठी असतो ते पाहू. मुंबईतील जुहूचा विमानतळ 1928 साली सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांच्या विमानात सुमारे 25 किलो टपाल होते. विमानाचे नाव होते 'पस मॉथ'. त्याच्या अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि त्यावर कापड ताणून बसवलेले होते. पंख लाकडाचे होते. त्यांच्यावरही कापडच होते. अशा विमानाला समुद्राची दमट हवा, ऊन आणि पाऊस सोसत नाही. म्हणून त्याला डोक्यावर छप्पर हवे. त्या काळी जुहूला टाटांची कचेरी एका साध्या झोपडीवजा शेडमध्ये होती. तिचे छप्पर झावळ्यांचे होते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई. मग विमाने, वैमानिक आणि कारागीर यांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

हँगर म्हणजे मोठी शेड. पण तिच्या मधोमध एकही खांब नसतो. मधे खांब असेल तर विमानाचा पंख त्याला अडेल. मग एवढे मोठे छप्पर कशावर उभे राहते? याचे उत्तर बोईसरला मिळेल. तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या कितीतरी शेड आहेत. बाहेरूनच उघड्या दरवाजातून वर पाहा. छपराखाली लोखंडाचे मोठे त्रिकोण दिसतील. कारागीर त्यांना 'कैची' म्हणतात. छपराचा भार कैचीवर येतो आणि कैची तो दोन्ही बाजूंच्या खांबांवर टाकते.

त्रिकोणच का? स्वतः करून पाहा. चार हीर दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि कोपरा दाबा. चौकोन लगेच कलंडतो. आता तीन हिरांचा त्रिकोण करून दाबा. तो आपला आकार सोडत नाही.

आता मापे ठरवू. आपण 1:50 हे प्रमाण घेऊ. म्हणजे खऱ्या वस्तूचे 50 सेंटीमीटर आपल्या नमुन्यात 1 सेंटीमीटर होतील. सोप्या शब्दांत, 1 मीटरचे 2 सेंटीमीटर. पस मॉथच्या पंखांची एकूण रुंदी 11.20 मीटर होती. नमुन्यात ती 22.4 सेंटीमीटर होईल. लांबी 7.62 मीटर होती. ती साधारण 15.2 सेंटीमीटर होईल. या विमानाचे पंख मागे दुमडता येत. आपण मात्र पंख उघडे ठेवूनच विमान आत नेणार आहोत. म्हणून दरवाजा 26 सेंटीमीटर रुंद ठेवू. हँगरची रुंदी 28, खोली 20 आणि भिंतीची उंची 8 सेंटीमीटर घेऊ. छपराचा मधला कणा जमिनीपासून 12 सेंटीमीटर उंच असेल.

प्रथम कैचीचे चित्र कागदावर पूर्ण मापाचे काढा. तळाचा हीर 28 सेंटीमीटरचा आणि दोन तिरके हीर साधारण 14.6 सेंटीमीटरचे असतील. हीर त्या चित्रावर ठेवूनच चिकटवा. म्हणजे तिन्ही कैच्या अगदी सारख्या होतील. आत छोटे तिरके हीर लावून आणखी त्रिकोण करा. एक कैची पुढे, एक मधे आणि एक मागे बसवा. दोन कैच्यांमध्ये 10 सेंटीमीटर अंतर ठेवा. डिंक पूर्ण वाळू द्या. घाई करणाऱ्याची कैची वाकडी होते.

छपराचे पत्रे करताना एक फसगत होते. खोक्याच्या पुठ्ठ्यातील नागमोडी कागद पाहून वाटते, हाच पत्रा! पण त्याची एक लाट 7 ते 8 मिलिमीटरची असते. तिला 50 ने गुणा. सुमारे 35 ते 40 सेंटीमीटर! एवढ्या लाटेत एखादे लहान मूल आरामात झोपेल. खऱ्या पत्र्याची लाट साधारण 75 मिलिमीटरची असते. आपल्या नमुन्यात ती दीड मिलिमीटरच हवी. म्हणून जाड कागद घ्या आणि शाई संपलेल्या पेनने पट्टीच्या आधारे जवळजवळ रेघा दाबा. कागद उलटला की पत्रा तयार. दरवाजाजवळ 3.3 सेंटीमीटर उंचीचा कागदी माणूस उभा करा. हँगर केवढा आहे, हे तोच पाहणाऱ्याला सांगेल.

एकदा माझ्या वर्गातील मुलांनी असा हँगर केला. रंग सुरेख, पत्रे नीटनेटके. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते. मुलांनी विमान आत ढकलले, पण ते शिरेना. दरवाजा 20 सेंटीमीटरचाच झाला होता. एक मुलगा म्हणाला, "सर, दोन्ही पंख थोडे थोडे कापू या. कुणाला कळणार आहे?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोलण्याआधीच एक मुलगी म्हणाली, "असे विमान उडेल का?" वर्ग शांत झाला. मग मुलांनीच पुढची भिंत उखडली. प्रदर्शनात त्यांचा हँगर रंगाशिवाय मांडला गेला. एका बाजूला डिंकाचे डागही दिसत होते. बक्षीस मिळाले नाही. पण विमान दरवाजातून सरळ आत गेले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यात पंख कापू या म्हणणारा मुलगा सर्वांत पुढे होता.

मुलांनो, नमुना लहान असतो, पण त्याने खोटे बोलू नये. माप चुकले तर दरवाजा मोडावा, पंख कापू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर खरे विमान बांधले. 2016 साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवातही पट्टी आणि पेन्सिल यांनीच होते.

आणि पाहा, नमुना, कागद, दरवाजा, कारखाना हे या पाठातील शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. म्हणजे निम्मे सामान तुमच्या घरातच आहे. उरलेले आणा आणि कामाला लागा.

स्वाध्याय
1. हँगरच्या मधोमध खांब का नसतो?
2. मुलांनी पुढची भिंत का उखडली?
3. तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. 1:50 प्रमाणात ती किती सेंटीमीटर होईल ते लिहा.