उष्णतेचा जमाखर्च : हिमालयातील हिवाळी पदभ्रमणाची तयारी

नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातले अनेक विद्यार्थी-गट उत्तराखंडातील केदारकंठासारख्या शिखरांवर जातात. निघण्यापूर्वी पालकांच्या हाती सामानाची एक यादी पडते : जाकीट, स्वेटर, हातमोजे, बूट, टॉर्च, खाऊ. यादीत ‘काय’ असते, ‘का’ नसते. मग पालक ऐपतीबाहेर जाऊन महागडे जाकीट घेतात आणि मूल त्याच्या आत सुती बनियन व खाली जीन्स घालून बर्फात उतरते. खर्च होतो, पण संरक्षण मिळत नाही. यादीतल्या प्रत्येक वस्तूमागचे कारण आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ते कारण समजले की यादी मुलांना स्वतःच करता येते. या लेखात आपण तेच करू.

डोंगरावर किती थंडी?

केदारकंठाची चढण उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी या गावापासून सुरू होते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९५० मीटर उंचीवर, तर शिखर सुमारे ३,८०० मीटरवर आहे. (कळसूबाई, आपले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर.) उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे गाव आणि शिखर यांत १२ अंशांचा फरक. सांकरीत २ अंश असतील तर त्याच वेळी शिखरावर उणे १०.

त्यात वारा. आपल्या त्वचेलगत हवेचा एक पातळ उबदार थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो. वाऱ्यामुळे उष्णता किती वेगाने जाते हे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर पाण्याचे भांडे उघड्यावर टांगून मोजले; त्यांचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. २००१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी उणे २० इतकी लागते. येथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : अशा वाऱ्यात ठेवलेली पाण्याची बाटली उणे २० अंशांपर्यंत थंड होईल का? होणार नाही. ती लवकर थंड होईल, पण उणे १० च्या खाली जाणार नाही. वारा उष्णता जाण्याचा वेग वाढवतो, हवेचे तापमान कमी करत नाही.

जमा आणि खर्च

स्वेटर गरम असतो असे आपण म्हणतो, पण कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ती निर्माण करते आपले शरीर, अन्न जाळून. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस साधारण ९० ते १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना ती पाच-सहा पट होते. ही झाली जमा. खर्च चार वाटांनी होतो : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. कपडे, बूट, अंथरूण ही सगळी सामग्री केवळ खर्चाला आळा घालते.

जमा-खर्च जुळला की शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहते. ते ३५ च्या खाली गेले की त्या स्थितीला अल्पतापावस्था म्हणतात आणि ती जिवावर बेतू शकते. यासाठी उणे तापमानच लागते असे नाही. पाऊस, वारा आणि भिजलेले कपडे असतील तर ८-१० अंशांतही ही वेळ येते. सह्याद्रीत जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

अडकवलेली हवा

स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. आजीची गोधडी ऊबदार का, तर जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते म्हणून. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत, फ्लीसच्या लवीत आणि पक्ष्यांच्या मऊ पिसांत हेच होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात पिसे भरून जाकीट शिवून नेले होते. आजच्या फुगीर जाकिटांचे ते पूर्वज म्हणता येईल.

आता ही हवा जाऊन तिच्या जागी पाणी आले तर? पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट आहे. म्हणून थंडीत कपडा किती जाड यापेक्षा तो किती कोरडा राहतो याला अधिक महत्त्व. सुती कापड पाणी भरपूर शोषते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. आपल्या उन्हाळ्यात हा त्याचा गुण, बर्फात तोच दोष. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिची उभारी बरीचशी टिकते. पिसांची मात्र भिजल्यावर लगदी होते.

घामाचा हिशोब तर पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम घामाच्या बाष्पीभवनाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. चढताना बनियनमध्ये पाव लिटर घाम जिरला आणि आपण वाऱ्यात बसलो, तर तो वाळण्यास सुमारे १४५ किलोकॅलरी लागतील. त्यातील बराच भाग शरीर पुरवते. बसलेल्या माणसाला एवढी उष्णता निर्माण करण्यास जवळजवळ दोन तास लागतात!

थर कशासाठी?

चढताना शरीर पाच-सहा पट उष्णता देते आणि थांबताच ती घटते. दोन्ही वेळी योग्य ठरेल असा एकच कपडा असू शकत नाही. म्हणून काढता-घालता येणारे थर हवेत.

आतला थर घाम बाहेर नेणारा, पातळ, पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा. यासाठी खास दुकानात जायला नको; शाळेच्या खेळाचा पॉलिएस्टर जर्सी पुरतो. मधला थर हवा अडकवणारा : घरी विणलेला लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, कारण त्यांच्यामध्येही हवा राहते. बाहेरचा थर वारा व बर्फ अडवणारा, सैल आणि टोपी जोडलेला. थांबल्यावर घालायचे फुगीर जाकीट भाड्यानेही मिळते. जीन्स नकोच.

नियम सोपा आहे. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घाम येण्यापूर्वी एक थर उतरवायचा आणि थांबताच, थंडी वाजण्यापूर्वी, चढवायचा. शिक्षकांनी दर तासाला थांबून हे करून घ्यावे. मुले आपणहून थांबत नाहीत.

कानटोपी आणि हातमोजे यांचे दोन-दोन जोड हवेत, कारण एक भिजणारच. बूट दोन मोज्यांवर सैल बसेल असा घ्यावा. घट्ट बुटात रक्तप्रवाह अडतो आणि हवेला जागा उरत नाही. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवावा. ताजा बर्फ त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्के किंवा अधिक परावर्तित करतो, म्हणून अतिनील किरण अडवणारा काळा चश्मा ही चैन नव्हे. त्यावाचून डोळे एका दिवसात सुजतात.

रात्री तळाची थंडी अधिक छळते. आपल्या वजनाने स्लीपिंग बॅगचा खालचा भाग दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णता वहनाने जमिनीत उतरते. बंद छिद्रांच्या फोमची कॅरीमॅट ही वाट अडवते. स्वस्त आणि हलकी म्हणून ती घरी ठेवून जाऊ नये. टॉर्चच्या सेलमधील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, तेव्हा सेल रात्री अंगाजवळ ठेवावेत.

शिदोरी

हिवाळ्यात पहाडात चालणाऱ्याला दिवसाला सुमारे ४,००० किलोकॅलरी लागू शकतात. तांदूळ, पोहे, डाळी यांच्या १०० ग्रॅममधून साधारण ३५० मिळतात. नुसत्या धान्यावर भागवायचे तर दर दिवशी माणशी सुमारे १,१४० ग्रॅम शिधा लागेल. आता त्यात १०० ग्रॅम शेंगदाणे (५६५ किलोकॅलरी), १०० ग्रॅम गूळ (३८०) आणि ५० ग्रॅम तूप (४५०) घालू. उरलेल्या २,६०५ किलोकॅलरींसाठी ७४५ ग्रॅम धान्य पुरते. एकूण ९९५ ग्रॅम. माणशी रोज १४५ ग्रॅम वाचले. २० जणांच्या पाच दिवसांच्या प्रवासात ही बचत साडेचौदा किलोंची होते.

स्निग्ध पदार्थातून ग्रॅमला ९ आणि पिष्टमय पदार्थातून ४ किलोकॅलरी मिळतात, हे त्याचे कारण. संक्रांतीचा तिळगूळ, डिंकाचे लाडू, गुळाची पोळी हे आपले थंडीतले पदार्थ या कसोटीला उत्तम उतरतात. गुळाची शक्ती लगेच मिळते, तीळ-दाण्यांची हळूहळू. मात्र तीन हजार मीटरच्या वर भूक मंदावते आणि तेलकट-तुपकट अनेकांना जात नाही. तिथे गोड आणि पिठूळ पदार्थांचे प्रमाण वाढवावे. चिक्की थंडीत दगडासारखी होते, म्हणून लहान तुकडे करून आतल्या खिशात ठेवावी. दुपारचे जेवण म्हणून एकदाच बसण्यापेक्षा दर तासा-दीड तासाला चार घास खावेत. चुलीत लाकूड थोडे थोडे सारतो, तसेच हे.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे ३,००० मीटरवर ९० अंश. तिथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर हवा. किंवा आधीच भाजलेले पदार्थ न्यावेत : सातूचे पीठ, मेतकूट, भाजलेला रवा, पोहे. मेतकुटातल्या डाळी घरीच भाजून दळलेल्या असतात, त्यांना डोंगरावर नुसते गरम पाणी पुरते. इंधन वाचते.

हे इंधन महत्त्वाचे, कारण पाणीही त्यावरच मिळवायचे असते. शून्य अंशाचे एक लिटर पाणी ९० अंशांपर्यंत नेण्यास ९० किलोकॅलरी लागतात. एक किलो बर्फ असेल तर आधी ८० किलोकॅलरी अप्रकट उष्णता, म्हणजे एकूण १७०. जवळजवळ दुप्पट. तहान लागली म्हणून बर्फ चघळणे याचसाठी चूक. तो वितळवण्याचा खर्च शरीराच्या खात्यातून होतो. गॅसच्या छोट्या डब्यात निव्वळ ब्यूटेन असेल तर बर्फात तो पेटत नाही, कारण ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश आहे. प्रोपेनचा उणे ४२ असल्याने मिश्रण असलेला डबा चालतो. स्टोव्ह कोणताही असो, बंद तंबूत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू येतो.

थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात राहते. दिवसाला तीन-चार लिटर पाणी ठरवून प्यावे. रात्री बाटली उलटी ठेवावी. पाणी वरच्या बाजूने गोठू लागते, त्यामुळे सकाळी बर्फ बाटलीच्या तळाशी असतो आणि तोंड मोकळे राहते.

धोक्याच्या खुणा

अडखळत चालणे, शब्द जड येणे, हातमोजा घालता न येणे, उगाच चिडणे किंवा गप्प होणे ही उष्णतेचे खाते तुटीत गेल्याची लक्षणे. थंडीने कापणारा मुलगा कापायचा थांबला आणि त्याला ऊब मिळालेली नसेल, तर ते सुधारल्याचे नव्हे, बिघडल्याचे लक्षण आहे. त्याला वाऱ्यातून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली मॅट द्यावी, स्लीपिंग बॅगेत गुंडाळावे आणि शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय द्यावे. ब्रँडी मुळीच देऊ नये. तिच्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, आणि प्रत्यक्षात आतली उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. बधिर झालेली बोटे चोळू नयेत, बर्फाने तर नाहीच. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी उंचीवर जाऊ नये. लक्षणे वाढल्यास खाली उतरावे. परत फिरण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराच्या चार बाटल्या घ्या. चारींत ६० अंशांचे सारखे पाणी भरा. एकीवर कोरडा सुती मोजा, दुसरीवर भिजवून पिळलेला सुती, तिसरीवर तसाच लोकरी, चौथीवर पॉलिएस्टरचा चढवा. मोजे भिजवण्यापूर्वी आणि पिळल्यानंतर तोलून कोणी किती पाणी धरले ते लिहा. अर्धा तास दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. मग हाच प्रयोग पंख्यासमोर करा. शेवटी पंख्यासमोरच्या ओल्या मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून पाहा.

आलेखांवरून मुलांना आपापली यादी करायला सांगा आणि प्रत्येक वस्तूसमोर एक वाक्य लिहून घ्या : ही वस्तू खर्चाची कोणती वाट अडवते? ज्या वस्तूपुढे काहीच लिहिता येणार नाही, ती सॅकमधून काढायला हरकत नाही.