गोव्याचे वार्तापत्र : पित्त म्हणून अंगावर काढलेली कळ

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतही उरलेल्या देशाइतकीच घट्ट आहे. प्रत्यक्षात जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे पहिले कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. साधारण तीन मृत्यूंपैकी एक त्यांच्यामुळे होतो. गोव्यात 2021 पासून स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीची सरकारी मोहीम सुरू झाली, ते चांगलेच झाले. हृदयाच्या बाबतीत बाईला सावध करण्याचे काम मात्र बरेचसे बाकी आहे.

कोकणीत हृदयाला काळीजच म्हणतात. पण बाईचा झटका दर वेळी काळजापाशी दुखून येत नाही. छातीत दडपण येणे हे स्त्रियांतही सर्वांत नेहमीचे लक्षण. त्याच्या जोडीला, कधी त्याच्याशिवायच, धाप लागते, मळमळते, दरदरून घाम येतो, जबडा किंवा पाठ दुखते, काम न करताही अंग गळून जाते. घरात याला पित्त किंवा ‘वायो’ असे नाव मिळते. ओवा चावून बाई पुन्हा चुलीपाशी जाते, आणि मोलाचा पहिला तास तिथेच संपतो.

धोका त्याच्या कितीतरी वर्षे आधी साचत असतो. पाळी थांबल्यावर तो वाढतो, हे थोडेफार माहीत असते. गरोदरपणात चढलेला रक्तदाब किंवा झालेला मधुमेह बाळंतपणानंतर उतरला, तरी पुढच्या हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असते, हे फारसे कोणी सांगत नाही. बाळंतपणाचे कागद म्हणूनच जपून ठेवावेत आणि पन्नाशीतही डॉक्टरला दाखवावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या 36 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की भारतीय बाईने सावध व्हावे. परकराची नाडी कमरेला वेढून मग पट्टीवर धरली तरी तो मोजता येतो. मिठाबाबतही असेच सावध राहायला हवे. पावसाळ्याच्या बेगमीला इथे ‘पुरुमेंत’ म्हणतात : सुके बांगडे, सुकी सुंगटे, मिठातले आंबे, लोणची. आगरवाड्याच्या मिठागरांचा पेडणे तालुका मिठाला परका कसा असेल? ज्या घरात कुणाला रक्तदाब आहे, तिथे पुरुमेंताची बरणी रोज उघडू नये.

उपचाराची सोय गोव्यात खरोखर चांगली आहे. हृदयाच्या झटक्यासाठीच्या ‘स्टेमी’ योजनेत तालुक्यांतली सरकारी केंद्रे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. केंद्रात काढलेला ईसीजी काही मिनिटांत तज्ज्ञांकडून वाचला जातो. गुठळी असेल तर ती विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत देतात, आणि रुग्ण पुढे रवाना होतो. पेडण्याहून बांबोळी गाठायची तर आधी शापोरा, मग मांडवी ओलांडावी लागते. त्या वाटेवर वाया जाणारा वेळ हे इंजेक्शन वाचवते. सिंधुदुर्गातले रुग्णही बांबोळीलाच धाव घेतात, त्यामुळे हा विषय महाराष्ट्राला परका नाही.

अडचण केंद्राच्या दारात पोचण्याची आहे. ईसीजीसाठी छाती उघडी करावी लागते, सहा तारा छातीवर चिकटवाव्या लागतात; समोर पुरुष तंत्रज्ञ असला की सासू-सुना संकोचतात. पडदा आणि शेजारी उभी परिचारिका, एवढ्याने हा संकोच पुष्कळ कमी होतो. घरचा माणूस कामावरून येईपर्यंत थांबणे हे दुसरे कारण. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला 4 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तरी खर्चाच्या भीतीने बाई स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते.

सांगायची जागा या तालुक्यांत आयती आहे. पौषाच्या चांदण्यात गावच्या मांडावर बायकांचे धालो हे नाच-गाणे रंगते, गणेशाच्या चवथीला फुगड्या होतात. तिथे गावातल्या सगळ्या वयाच्या बायका पुरुषांच्या देखरेखीवाचून एकत्र असतात. रक्तदाबाचे यंत्र घेऊन आलेली उपकेंद्रातली परिचारिका तिथे पाहुणी ठरत नाही. तिने सांगायचे ते थोडकेच : तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा; दडपण, धाप, घाम आला आणि पाच-दहा मिनिटांत उतरला नाही, तर ओवा शोधू नका, मुलाच्या स्कूटरवर मागे बसू नका, 108 ला फोन करा.