ओसाड परसबागेचा पुनरुद्धार

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बिबट्याचा वावर असतो. म्हणून घरामागे माजलेले रान कुटुंबास धोक्याचे ठरते. कर्त्या माणसांनी उन्हाळ्यातच झुडपे तोडून जमीन खणावी व तीत कुजलेले शेणखत मिसळावे. पश्चिमेकडील अतिपावसाच्या गावांत पाणी साचू नये म्हणून गादीवाफे करावेत. पूर्वेकडे सपाट वाफे पुरतात. पावसाच्या आरंभी मुलांनी भेंडी, घेवडा व दोडका यांचे बी टोकावे. वेल मांडवावर चढवून खालची जागा मोकळी ठेवावी. मोरीचे पाणी केळी व अळूकडे वळवावे. पुढील हंगामाचे बी वडीलधाऱ्या स्त्रियांनी राखावे. मात्र सर्व कामे दिवसाउजेडी उरकावीत. मुलांना परसात एकटे सोडू नये. अशा रीतीने परसातील भय कमी होऊन घरास ताजी भाजी मिळेल.